कुसेमोनो

ताटात खडा पडला, टण्णकन. एवढ्याशा आवाजानं दुपारची शांतता फुटली आणि शोभानं दचकून वर पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या.

कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. समोर इंदू रेशनचा मिलो, ती लाल ज्वारी, निवडत बसली होती. तिनं सूप होतं तसंच धरलं आणि ओठ न हलवता पुटपुटली, "कुसेमोनो."

शोभाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावून खोकल्यासारखं केलं. रोजचंच होतं हे. रोज राहीबाई दारात उगवायच्या, माठातलं पाणी प्यायच्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पुन्हा पोत्यावर आडव्या व्हायच्या. आज मात्र त्या पाणी पिऊन परत गेल्या नाहीत. उंबऱ्याशी बसल्या, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी आली का तुमी दोघी ते म्हनता. काय आस्तं गं ते?"

इंदूनं मान खाली घातली ती सुपात. आता मिलोतला एकही खडा तिच्या नजरेतून सुटणार नव्हता.

तो शब्द होता जपानी. नगरसारख्या गावात, दिल्लीगेटच्या आतल्या गल्लीत, दोन बायका जपानी शब्द बोलत होत्या त्याला कारण इंदूचा नवरा. नृसिंह कुलकर्णी कॉलेजात शिकवायचा आणि उरलेला जीव त्यानं सिनेमाला वाहिलेला. चार प्राध्यापक, दोन वकील आणि एक दाताचा डॉक्टर जमवून त्यानं मंडळ काढलं होतं. परदेशी चित्रपटांचे डबे मुंबईहून रेल्वेनं यायचे, रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलच्या खिडक्यांना काळी कापडं लागायची आणि नृसिंह स्वतः प्रोजेक्टर चालवायचा. खुर्च्या भरायच्या म्हणून घरच्या बायकांना फुकट. इंदूला एकटीला बसायचा संकोच, म्हणून शेजारची शोभा. शोभाची छबू लहान, म्हणून मांडीवर छबू.

गेल्या हिवाळ्यात जपानी चित्रपटांची रांगच लागली. तलवारी, घोडे, चटयांवर गुडघे मुडपून बसणारी माणसं. खाली इंग्रजीतून ओळी उमटायच्या. शोभा लग्नाआधी कॉलेजात एक वर्ष गेलेली, तिला त्या ओळी झरझर वाचता यायच्या. इंदूचं वाचन हळू, ओळ निम्मी होते तोवर पुसली जायची. पण कान मात्र तिचा गाणाऱ्या बाईचा. मग दोघींनी वाटणीच करून टाकली. शोभानं डोळे सांभाळायचे, इंदूनं कान. दुपारी मुलं निजली, की ऐकलेलं आणि वाचलेलं एकमेकींसमोर ठेवायचं आणि जुळतंय का बघायचं.

हात पुढे करून माणूस ओरडतो "मात्ते", आणि पुढचा थांबतो. तेव्हा मात्ते म्हणजे थांब. "हायाकू" म्हटलं की सगळे पळायला लागतात, म्हणजे लवकर. "दामारे" म्हणजे गप्प बैस, हे तर न वाचताच कळलं. "गोझारू"चं काही केल्या जमेना. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ते असायचं. शेवटी इंदूनं निकाल दिला की आपलं "बरं का" असतं तसंच ते असणार. बायका नवऱ्याला "आनाता" म्हणायच्या, तेव्हा खाली कधी कधी काहीच उमटत नसे. शोभा एक आठवडाभर त्यावर अडून बसली होती. एका दुपारी इंदू भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "अगं, अहो!" शोभाला वाटलं, ती नवऱ्यालाच हाक मारतेय. मग दोघी इतक्या हसल्या की छबू जागी झाली.

नळाला पाणी आलं की शोभा भिंतीवर थाप मारायची, "हायाकू!" इंदूची दूध उतू घालवायची खोड, म्हणून तिला दिवसातून कितीदा तरी "मात्ते". दिवसभर दोघी दुसऱ्यांच्या हाकांना ओ देत असायच्या. या चार शब्दांना मात्र त्यांच्याखेरीज कुणी ओ देणार नव्हतं. छबूही शिकली. "जेवलीस का?" विचारलं की छाती काढून म्हणायची, "हाय!" जपानीत हाय म्हणजे हो. राहीबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्या शेवगावकडच्या, त्यांच्या बोलण्यात हाय आणि न्हाईच. "पोरगी माज्यावानी बोलाया लागली," म्हणून त्या खूश होत्या.

आणि कुसेमोनो. तो शब्द एका रात्रीच्या प्रसंगात आला. सरदाराचा वाडा, पहारेकरी कंदील घेऊन फिरताहेत, आणि जमिनीच्या फळ्यांखाली कुणीतरी दबा धरून ऐकत बसलेला. पहारेकरी थबकतो, कान देतो, एकदम गरजतो, "कुसेमोनो!" आणि भाला फळीतून खाली. म्हणजे चोर. नुसता चोरही नाही. पावलं न वाजवता घरात शिरणारा, लपून ऐकणारा.

राहीबाई नगरला आल्या त्याच सुमारास. दुष्काळानं गावची विहीर आटली, बैल छावणीत गेले, आणि शोभाचा क्लार्क नवरा गहिनीनाथ एसटीनं जाऊन आईला घेऊन आला. तो त्यांचा एकुलता एक. दोन खोल्यांत आणखी एक माणूस आलं, आणि ते माणूस सारखं न कळत मागे येऊन उभं राहायचं. शोभा चिमूटभर साखर तोंडात टाकते तर मागे सासूबाई. इंदूशी माहेरचं बोलते तर दारात सासूबाई. त्या काही म्हणायच्या नाहीत. नुसत्या असायच्या. पहिल्यांदा कुसेमोनो म्हणाली ती शोभाच.

आता उंबऱ्याशी बसून त्या उत्तराची वाट बघत होत्या.

"तुम्हालाच म्हणतो आत्याबाई," शोभा म्हणाली. एवढं खरं होतं. पुढचं आपोआप आलं. "जपानी शब्द आहे. घरातल्या मोठ्या बाईला म्हणतात. मान द्यायचा म्हणून."

इंदूचं सूप थांबलं.

राहीबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. गावी त्या राहीआक्का होत्या, भावकीतल्या थोरल्या, लग्नात मांडव घालायचा तर आधी त्यांना विचारायचे. इथं गल्लीत त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. क्लार्कची आई, एवढंच.

"पुन्यांदा म्हन बरं," त्या म्हणाल्या.

शोभा म्हणाली. राहीबाईंनी तो शब्द दोनदा चुकत, तिसऱ्यांदा बरोबर म्हणून पाहिला. मग उठल्या आणि जाता जाता इंदूकडे बघून म्हणाल्या, "जपानची मानसं मानपान राखून हायेत म्हनायची."

त्या गेल्यावर इंदू बराच वेळ हसली. शोभाही हसली, पण तिला वाटलं होतं तेवढं हसू आलं नाही.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण राहीबाईंनी ती जपून ठेवली नाही, वाटून टाकली. सकाळी दूध घालायला गोजरबाई यायची, केडगावची, तोंडानं फटकळ. तिला राहीबाईंनी सांगितलं की आमची सून शिकलेली, ती मला जपानी भाषेत मोठ्या बाई म्हणते. गोजरबाईनं शब्द विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरूनच हाळी द्यायला लागली, "ओ कुसेमोनोबाई, भांडं आना!" घरोघरी दूध जायचं, तसा दुधाबरोबर शब्दही गेला. नळावरच्या बायका बाजूला सरून म्हणायच्या, कुसेमोनोबाईंची घागर आधी लावा. राहीबाई "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" म्हणायच्या आणि घागर लावायच्या. छबूनं आजी म्हणणं सोडूनच दिलं.

गहिनीनाथला हे जेवताना कळलं. तो हसला, आमची आई जपानात पोचली म्हणाला. मग आई हात धुवायला गेली तेव्हा हळूच म्हणाला, "बरं केलंस. ती आल्यापासून कोमेजली होती. तुला सुचलं, मला सुचलं नसतं."

 शोभा उठून भाकरी आणायला गेली. टोपलीत भाकरी नव्हत्या, त्या पानाशीच होत्या. रिकाम्या टोपलीसमोर ती थोडा वेळ उभी राहिली. सांगून टाकावं असं तिला तेव्हा वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या आईला आम्ही चोर म्हणतो, आणि आता अख्खी गल्ली म्हणते?

एकच धीर होता, की हा शब्द कळणारं नगरमध्ये कुणी नाही. नृसिंहला इंदूनं सांगितलं होतं, पण तो पोटात ठेवणारा. बाकी कुणाला काय माहीत.

मग एप्रिलात एका संध्याकाळी राहीबाई म्हणाल्या, "येत्या आयतवारी मी बी येते तुज्या शिनुमाला. माझं नाव त्या लोकांच्या तोंडून ऐकते की एकदा."

शोभानं हजार कारणं सांगितली. हॉलमध्ये उकडतं, खुर्च्या लाकडी आहेत, कथा कळत नाही, इंग्रजी वाचावं लागतं. राहीबाई म्हणाल्या की उकाडा गावीही आहे आणि वाचायचं त्यांना काही नाही, नुसतं ऐकायचं आहे. शिवाय गोजरबाईलाही त्यांनी बोलावलं होतं.

शोभा धावत इंदूकडे गेली. इंदूनं नृसिंहला विचारलं. तो म्हणाला, काळजी नको. या रविवारचा चित्रपट आजकालच्या जपानातला आहे, म्हातारा बाप आणि त्याची लग्नाची मुलगी, तलवार तर सोडाच, त्यात कुणी आवाजही चढवत नाही. शोभाला हायसं वाटलं. सासूबाई दोन तास बसतील, त्यांना काही ऐकू येणार नाही, कंटाळतील, पुन्हा नाव काढणार नाहीत.

रविवारी राहीबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. पांढुरकं, काठ विटलेला, पण स्वच्छ. छबूनं त्यांचं बोट धरलं होतं. गोजरबाई दुधाचा रतीब उरकून थेट आली होती आणि खुर्चीवर मांडी घालून बसली होती. शोभानं त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं आणि पाणी आणायला मागे गेली, तर प्रोजेक्टरपाशी नृसिंह घामाघूम.

"डबा बदलून आला," तो म्हणाला. "आपला गेला बहुतेक सोलापूरला. हा दुसराच आहे. पण योग बघ, हा मी चार वर्षं मागतोय."

टेबलावर उघडलेल्या डब्यावर चिकटवलेल्या कागदात इंग्रजी नाव होतं. शोभानं ते वाचलं. तलवारीचं नाव नव्हतं त्यात, पण किल्ल्याचं होतं. तिनं विचारलं, "समुराईंचा?" नृसिंहनं मान डोलावली. त्याचे डोळे चमकत होते.

तेव्हा वेळ होता. रीळ अजून चढायचं होतं. तिसऱ्या रांगेपर्यंत जायचं, पोटात दुखतंय म्हणायचं, सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून घरी निघायचं. त्या लगेच उठल्या असत्या. एक शब्द विचारला नसता.

पण तिला तो चित्रपट बघायचा होता. आठवडाभर चूल, फडकी, रेशनची रांग, आणि त्यातून हा एक अंधार तिच्या वाट्याला यायचा. कदाचित या चित्रपटात तो शब्द नसेलच, असं तिनं स्वतःला सांगितलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन जागेवर येऊन बसली.

दिवे गेले. सुरुवातीला राहीबाईंना फार आवडलं. घोडे आले तेव्हा त्या पुढे सरकल्या. म्हातारा सरदार मुलांना जवळ बसवून काही सांगत होता, राहीबाई गोजरबाईला म्हणाल्या, "वाटनी करतोय बग." आणि तो खरंच वाटणी करत होता. कुणी "हाय" म्हटलं की त्या छबूला कोपरानं ढोसायच्या. शोभाच्या डोळ्यांसमोरून ओळी जात होत्या, पण तिला एकही वाचता येत नव्हती. मांडीवरची छबू जड झाली होती.

रात्र झाली पडद्यावर. लांबच लांब ओसरी, कागदाची दारं, आणि त्या दारांशी एक आकृती, तोंड काळ्या फडक्यात बांधलेलं, पायात काही नाही. ती एक एक पाऊल टाकत होती. आवाज नाही. हॉलमध्ये फक्त प्रोजेक्टरची घरघर. आकृती दाराला कान लावते. शोभानं छबूच्या कानांवर हात ठेवले. आता त्याचा उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं, तरी ठेवले.

"कुसेमोनो!"

पडद्यावर पहारेकरी गरजला आणि त्याच क्षणी छबू आईचे हात झटकून मांडीवर उभी राहिली. "आजी! आजी, तुझं नाव!" ती टाळ्या वाजवत ओरडली. "कुसेमोनो! आजी!"

चारी बाजूंनी माणसं धावली, पुन्हा पुन्हा तोच शब्द ओरडत. त्या माणसाला त्यांनी केसांना धरून ओढलं, अंगणात पाडलं, फडकं फाडलं. कुणी त्याच्या तोंडावर थुंकलं. हॉलमध्ये आधी एक जण हसला, मग दहा-वीस. कुणाला काही माहीत नव्हतं. लहान पोर बोलली म्हणून ते हसले होते. पण ते नाव कुणाचं, हे गोजरबाईला माहीत होतं. ती सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा, मोठ्यानं म्हणाली, "आगं बया. ह्यो तर चोर हाय की."

शोभानं सासूकडे पाहिलं नाही. पडद्याचा उजेड त्यांच्या लुगड्यावर हलत होता तेवढा तिला दिसत होता. राहीबाईंनी हात लांब करून छबूला आपल्याकडे घेतलं आणि मांडीवर बसवलं. "बस गप," त्या म्हणाल्या. "मानसं बगत्यात."

त्या शेवटपर्यंत बसल्या. उठून गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर गोजरबाईनं दोनदा चेष्टा करून पाहिली. मोठ्या बाईला असं केसांना धरून ओढतात होय जपानात, म्हणाली. तिच्याबरोबर कुणी हसलं नाही, तेव्हा ती चितळे रोडच्या कोपऱ्यावर वळली. इंदू मागे राहून चपलेचा अंगठा नीट करत होती, तो बराच वेळ नीट होत नव्हता. घरी आल्यावर राहीबाईंनी लुगडं बदललं, चुलीपुढे बसल्या, भाकरी थापल्या. शोभा पुढे झाली तर म्हणाल्या, तू पोरीचं बघ. गहिनीनाथनं विचारलं, ऐकलंस का नाव? "ऐकलं," त्या म्हणाल्या. "लई घोडी हुती."

दुसऱ्या दुपारी शोभा एकटीच मिलो निवडत होती. इंदू आली नव्हती. दाराबाहेरून आवाज आला. "येऊ का आत?"

शोभाला आधी वाटलं, कुणी परकं आहे. ती उठली. राहीबाई उंबऱ्याच्या पलीकडे उभ्या होत्या, हातात रिकामा तांब्या.

"आत्याबाई, असं काय विचारता? आपलंच घर आहे."

त्या आत आल्या, पाणी घेतलं, गेल्या. संध्याकाळी पुन्हा, "येऊ का?" दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. दर वेळी तसंच, सरळ, रागाचा लवलेश नाही, जसं दवाखान्यात डॉक्टरला विचारतात तसं. शोभा कधी घाईघाईनं "या ना" म्हणायची, कधी नुसती उठून उभी राहायची. एकदा तिला वाटलं, त्या आपल्याला मुद्दाम टोचताहेत, आणि क्षणभर बरंही वाटलं, कारण टोचलं तर फिटतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तसं काही नव्हतं. त्यांना खरंच विचारायचं होतं.

छबूला त्यांनी जवळ घेऊन सांगितलं की मला आजीच म्हणायचं. गोजरबाई आली की आता दूध घ्यायला शोभा जायची. नळावर राहीबाई जाईनाशा झाल्या.

गहिनीनाथला हे "येऊ का" एका सुट्टीच्या दिवशी ऐकू आलं. त्यानं विचारलं, आई, हे काय नवीन? राहीबाई म्हणाल्या की सूनबाई कामात असती, एकदम गेलं की दचकती. तो शोभाकडे बघून हसला. "लाडावून ठेवलंय तुला माझ्या आईनं," म्हणाला. त्याला सांगायचं राहून गेलं होतं ते आता सांगणं अशक्य झालं होतं. रात्री शेजारी तो घोरायला लागला, की ती डोळे उघडे ठेवून पडायची. पलीकडच्या खोलीत सासूबाई कूस बदलत असतील का, हे ऐकायचा ती प्रयत्न करायची. काही ऐकू यायचं नाही.

आठवड्यानं राहीबाईंनी जेवताना जाहीर केलं, की उद्या सकाळच्या गाडीनं त्या गावाला निघणार. गहिनीनाथचा हात थांबला. गावात पाणी नाही, टँकर येतो तो एक दिवसाआड, बैल छावणीत, घराला कुलूप. ऐन उन्हाळ्यात जाऊन करायचं काय? राहीबाई म्हणाल्या की घराचं वासं बघायला हवं, वाळवी लागली असंल. तो चिडला, समजावून थकला, मग शोभाला म्हणाला, तू सांग, तुझं ऐकेल ती.

सकाळी तो तिकिटाची सोय बघायला स्टँडवर गेला. राहीबाई बाहेरच्या खोलीत बोचकं बांधत होत्या. शोभा दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी तिचे पाय अडले. येऊ का, असं तिच्याही तोंडात आलं. ती न विचारता आत गेली आणि त्यांच्यासमोर बसली. चुकलं म्हणायचं होतं. पडद्यावर माणसं कपाळ चटईला टेकवून जो शब्द म्हणत, तोच आधी जिभेवर आला, आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं दात आवळले.

"चुकलं माझं," शेवटी ती म्हणाली. "जाऊ नका."

राहीबाई गाठ मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "चोर म्हनलीस त्याचं काय न्हाई गं. सासूला नावं ठेवायचीच. माज्या सासूला आमी जावा घुबड म्हनायचो. दळताना गानं केलं हुतं तिच्यावर." त्या जराशा हसल्यासारख्या झाल्या. "पर तिला आमी कदी सांगितलं न्हाई, का घुबड म्हंजी देवी. तू मला मोठी बाई म्हनलीस. आन मी येडी, गल्लीभर सांगत फिरले."

शोभा खाली बघत होती. राहीबाईंनी बोचकं बाजूला सारलं आणि दोन्ही हात पुढे केले, मनगटं वर करून. कोपरापर्यंत उघडे हात, उन्हानं रापलेले, एका मनगटावर गोंदलेली तुळस.

"आन चोरावानी येत न्हवते मी. तुज्या हातात बांगड्या, पायात जोडवी. तू आली का घराला कळतं. माज्यात वाजाया काय ऱ्हायलंय, सांग."

ज्या दिवशी सासरे गेले त्या दिवशी शोभा तिथं होती. छबू पोटात होती तेव्हा. बायकांनी राहीबाईंना मागच्या दारी बसवलं होतं आणि हात दगडावर ठेवून बांगड्या फोडल्या होत्या. जोडवी निघत नव्हती, सुजलेल्या बोटांतून ती साबण लावून काढली होती. साबण आणून दिला तो शोभानंच. हे सगळं तिला माहीत होतं. आणि तरी इतके महिने ती मागे वळून बघताना दचकत होती, चिडत होती, हसत होती.

तिनं ते हात धरायला आपले हात पुढे केले. बांगड्या किणकिणल्या. तिनं हात तसेच मागे घेतले.

राहीबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा बोचक्याकडे वळल्या. चादर, तांब्या, छबूच्या बापाचा लहानपणीचा फोटो, दुष्काळात वाटलेल्या सुकडीची पुडी. शोभा एक एक वस्तू हातात देत राहिली. जाऊ नका, असं तिला पुन्हा म्हणता आलं नाही. ते म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय का, हेच तिला कळेना. एवढं कळत होतं, की स्टँडवरून नवरा परत येईल, विचारेल, सांगितलंस का तिला, आणि त्या वेळी आपल्याला त्याच्याकडे बघून सगळं बोलावं लागेल. या वेळी त्याच्या आईसमोर, गाडी सुटायच्या आधी. मग त्या राहतील किंवा जातील. ते आता तिच्या हातात नव्हतं.

छबू उठली होती. डोळे चोळत आली, बोचकं पाहिलं आणि त्याच्यावर जाऊन बसली. राहीबाईंनी तिला उठवलं नाही. तिच्या केसांतून बोटं फिरवत तिला सांगितलं की आजी गावाला चाललीये, तिथं आपलं घर आहे ना, दगडी जोत्याचं, ते एकटं पडलंय.

"तिकडं कोण कोण आहे?" छबूनं विचारलं.

"कुनी न्हाई बाई. घरच हाय."

छबूनं यावर विचार केला. मग ती आजीकडे न बघता आईकडे वळली, कारण अशा गोष्टी आईला माहीत असतात.

"आई," ती म्हणाली, "मग तिकडं आजीला आजी कोण म्हणणार?"